छत्तीस गुणसूत्रांची मुलगी

शंकरराव ओव्हाळ आणि राजश्री यांची पहिली भेट झाली तेव्हा शंकररावांचा एक पाय जमिनीवर होता आणि दुसरा पाताळात. ही अतिशयोक्ती आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं त्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला हजर असलेल्या कुठल्याही माणसाला विचारावं. तो याहून जास्त सांगेल. शंकरराव पांढरी सफारी घालून, केसांना कलप लावून राजश्रीच्या आईच्या, म्हणजे धुरपदाबाईंच्या, अंगणात शिरले. दारातल्या माउलीला जय भीम घालायला त्यांनी हात जोडले आणि डाव्या पायाखालची जमीन निघून गेली. घुशीनं ते अंगण आतून इतकं पोखरलं होतं की वरती नुसतं सारवण उरलं होतं. पाय आधी गुडघ्यापर्यंत गेला, मग मांडीपर्यंत. आणखी थोडं थांबलं असतं तर त्यांचा बूट भीमेच्या तळाखालून दौंडच्या प्लॅटफॉर्मवर निघाला असता आणि कुणीतरी तो सोलापूर पॅसेंजरला बसवून दिला असता. शंकररावांनी जी आरोळी ठोकली तिच्यामुळं शेजारच्या वस्तीवरच्या म्हशीनं दूध आखडलं. ती म्हणे अजून चहापुरतंच देते.

आरोळी ऐकून घरातून एक चष्मेवाली मुलगी टॉर्च घेऊन पळत आली. शंकररावांना वाटलं, चला, हात देईल. तिनं बिळाशी उकिडवं बसून त्यांच्या मांडीच्या कडेनं आत उजेड टाकला.

"हलू नका. पायाला काही मऊ लागतंय का?"

"मऊ?"

"केसाळ. उबदार."

"बाई, मला आधी वर काढ."

"काढते ना. बीळ सरळ खाली जातंय का आडवं वळतंय? बोटं हलवून बघा."

शंकररावांनी बोटं हलवली. का हलवली, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. "आडवं हाय," ते म्हणाले.

"मग घूसच," ती म्हणाली आणि खट्टू होऊन टॉर्च बंद केला.

रात्री घरी गुडघ्याला हळद बांधताना शंकररावांनी ही हकिगत चांगुणाबाईंना सांगितली. चांगुणाबाई म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याची कीव करण्याचा त्यांना अजिबात सराव नव्हता. "पोरगी बघाय गेलतो," शंकरराव म्हणाले, "पण पोरीनंच मला बघितलं. ते बी बिळातनं."

"मग? पसंत पडला का तुमी?" चांगुणाबाईंनी विचारलं.

पोटापाण्यासाठी शंकररावांचा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. यवतला हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यांचा गाळा होता. शेतकऱ्यांच्या विहिरीतल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. हे काम ते इतकं निगुतीनं करत की एकदा भरलेली मोटार मालकाच्या आधी जळत नसे. पण मोटार हा झाला धंदा. जीव रमायचा तो सोयरिकी जुळवण्यात.

त्याची सुरुवातही गाळ्यातच झाली. एक गिऱ्हाईक शिरूरकडचं आणि एक दौंडकडचं, दोघंही आपापल्या मोटारीची वाट बघत बाकावर बसलेले. दोघंही बौद्ध समाजाचे. एकाची मुलगी लग्नाची, दुसऱ्याचा मुलगा. शंकररावांनी मोटारीचं काम मुद्दाम लांबवलं, चहा दोनदा मागवला, आणि मोटार फिरायच्या आत सोयरीक जुळली. तेव्हापासून त्यांना चटक लागली. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असं एक घर नव्हतं जिथल्या उपवर मुलामुलीची उंची, शिक्षण आणि स्वभाव शंकररावांना पाठ नव्हता. मोबदला ते घेत नसत. त्यांची एकच अट असे. लग्नात माइकवरून नाव पुकारायचं: 'यवतचे सामाजिक कार्यकर्ते शंकररावजी ओव्हाळ यांनी मंचावर यावं.' हे कानावर पडलं की त्यांची मान पुढचे आठ दिवस सरळ राहायची.

शेजारच्या गाळ्यात बापूसाहेबांचं खतं-औषधांचं दुकान. बापूसाहेब मराठा समाजाचे, बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन, आणि आपल्या समाजात तेही सोयरिकी जमवायचे. दोघांचा दुपारचा चहा एकत्र आणि दिवसभराची खोडी एकमेकांची. बापूसाहेबांच्या मोबाइलमध्ये पत्रिका जुळवायचं अ‍ॅप होतं. मुलामुलीची जन्मवेळ घातली की 'छत्तीसपैकी सत्तावीस' असा आकडा यायचा, खाली गणपतीसुद्धा यायचा. बापूसाहेब तो आकडा शंकररावांच्या नाकासमोर धरत.

"आमच्याकडं आकडा हाय, शंकरराव. छापील. तुमच्याकडं काय हाय?"

"आमी पत्रिका मानत न्हाई. आमच्याकडं बुद्धी हाय."

"हाय ना. पण ती स्क्रीनवर दिसत न्हाई."

शंकरराव हसून सोडून देत. पण खरं सांगायचं तर ते सुटत नसे. पत्रिका, पंचांग, गुण हे सगळं त्यांच्या बापानंच उंबऱ्याबाहेर टाकलं होतं आणि ते परत आणायची त्यांना काडीची इच्छा नव्हती. तरी बैठकीत मुलीकडच्यांनी 'कशावरून जोडी चांगली?' असं विचारलं की शंकररावांकडं 'मी सांगतो म्हणून' यापलीकडे काही नसे. आपल्याकडं एक आकडा असावा, असं त्यांना फार वाटायचं. पण तो ग्रहांचा नको. शाळेतल्या पुस्तकातला हवा.

तो आकडा त्यांना राजश्रीच्या टेबलावर मिळाला.

बिळातून निघालेला पाय धुऊन झाल्यावर धुरपदाबाईंनी त्यांना आत बसवलं. राजश्रीचं टेबल खिडकीशी होतं. वर लॅपटॉप, कात्री, गोंदाची कांडी आणि काळ्या अळ्यांसारखं काहीतरी छापलेले पुष्कळ कागद. ती शिरूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची आणि पुण्याच्या एका मॅडमच्या हाताखाली पीएचडी करायची. विषय होता मोल. या प्राण्याला मराठीत धड नाव नाही, कारण तो महाराष्ट्रात राहतच नाही. मखमली अंगाचा, फावड्यासारख्या हातांचा, डोळे जवळजवळ नसलेला हा जीव परदेशात जमिनीखाली बोगदे खणत राहतो. आपल्या देशात आलाच तर दार्जिलिंग-आसामकडं. गावातल्या एका शिकलेल्या वहिनींनी डिक्शनरीत 'मोल म्हणजे तीळ' असं वाचलं, आणि तेव्हापासून आळीतल्या बायका राजश्रीला 'तिळाची डॉक्टर' म्हणत आणि हनुवटीवरचे तीळ दाखवायला येत. ती आधी समजावून सांगायची. मग कंटाळून 'शुभ आहे' म्हणून मोकळी व्हायची.

"ह्या कसल्या अळ्या?" शंकररावांनी विचारलं.

"गुणसूत्रं आहेत, आप्पा."

'गुण' हा शब्द शंकररावांच्या कानात शिरला आणि गुडघ्याची ठणक थांबली.

"प्रत्येक जिवाच्या पेशीत ही असतात," ती म्हणाली. तिला विचारणारं माणूस क्वचितच भेटायचं. भेटलं की ती थांबत नसे. "जोडीनं असतात. एक आईकडून, एक बापाकडून. फोटोत सगळी विस्कटून येतात. मग मी उंची बघायची, कंबर कुठं आहे ते बघायचं आणि जोडी लावायची."

"उंची आन् कंबर," शंकरराव म्हणाले. "आमी बी तेच बघतो."

राजश्री हसली. शंकररावांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या धंद्यातलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मग तिनं सगळं सांगितलं. हे मोल वरून बघितले तर सगळे सख्खे भाऊ वाटतात. पण एका आजीची ही नातवंडं; मध्ये कुठं डोंगर आला, कुठं समुद्र आला, इकडची इकडे राहिली, तिकडची तिकडे. लाखो वर्षांत आतली मांडणी बदलत गेली. कुठं दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झालं आणि आकडा कमी झाला. कुठं आकडा तोच राहिला, पण एखाद्याची मधली कंबर सरकून टोकाला गेली. वरून काही कळत नाही. आत मोजलं की कळतं. आणि आतलं फार बदललं की पुन्हा भेट झाली तरी सोयरीक होत नाही.

"का न्हाई व्हत?"

"खेचर बघितलंय ना, आप्पा? घोड्याची चौसष्ट, गाढवाची बासष्ट. खेचराला येतात त्रेसष्ट. जोडी लागत नाही, म्हणून खेचराला पिल्लू नाही."

शंकरराव थक्क झाले. खेचर त्यांनी जेजुरीला बघितलं होतं, पण त्याच्या दुःखाचं कारण आज कळलं. हे तर बापूसाहेबांच्या अ‍ॅपच्या शंभर पट पुढचं होतं. गुणसुद्धा होते आणि सूत्रसुद्धा, आणि कुठल्या भटजीनं नव्हे, शास्त्रानं मोजलेले.

"आन् तुझी किती, बाळा?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझी छत्तीस," राजश्री म्हणाली. "मॅडमची चौतीस. त्यांच्या एका मैत्रिणीची अडतीस, पण त्या तिकडं लांब असतात."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. एसटीचा कंडक्टर जसा 'माझी बारामती आहे' म्हणतो आणि बारामती त्याच्या नावावर नसते, तसं या संशोधक लोकांचं असतं. जो ज्या प्राण्यावर काम करतो तो त्याचा. राजश्रीचा मोल जपानचा, त्याची छत्तीस. मॅडमचा युरोपातला, त्याची चौतीस. मैत्रीण कॉकेशसच्या डोंगरातल्या मोलवर काम करायची, त्याची अडतीस. बोलणं सरळ होतं. पण शंकररावांच्या डोक्यात छत्तीस हा आकडा अडकवायला बापूसाहेबांनी आधीच खुंटी ठोकून ठेवली होती. पोरीचे छत्तीसच्या छत्तीस. मॅडमचे दोन कमी. आणि मॅडम एकट्याच राहतात हे मघाशी धुरपदाबाई सांगत होत्या. शंकररावांना सगळं चित्र स्वच्छ दिसलं.

त्यानंतर राजश्रीनं माणसाचा आकडाही सांगितला होता. पण तेवढ्यात चहा आला.

राजश्रीसाठी शंकररावांनी जे स्थळ काढलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं स्थळ होतं. यात विनोद नाही. सम्राट हा शिरूरचा मुलगा, सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर गेज लावून पार्ट तपासायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे, हे त्याचं काम. आधी राजश्रीला बघून गेलेले चार-पाचजण वयावर अडले होते, नाहीतर 'शिकणार अजून किती?' या प्रश्नावर. सम्राट आला, बसला, आणि पोहे खाता खाता म्हणाला, "आप्पांनी सांगितलं तुमच्या प्राण्याबद्दल. मला एक विचारायचंय. डोळे नाहीत, अंधार, सगळे वेगवेगळ्या बोगद्यात. मग त्यांना एकमेकं सापडतात कशी?"

राजश्रीनं चष्मा पुसला. आजवर तिला 'स्वयंपाक येतो का' हे विचारलं गेलं होतं. ती बोलायला लागली. वासाबद्दल बोलली, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे प्राणी वर्षातून एकदा कसे दुसऱ्याच्या बोगद्याच्या दिशेनं खणत निघतात त्याबद्दल बोलली. चहावर साय धरली. सम्राट ऐकत होता. धुरपदाबाई आतून डोकावून गेल्या आणि पदर डोळ्याला लावून परत आल्या.

निघताना राजश्री शंकररावांना फाटकापर्यंत सोडायला आली. "आप्पा," ती म्हणाली, "हा चालेल."

'चालेल' हा मराठीतला मोठा रडका शब्द. न आवडलेल्या भाजीलाही आपण तोच वापरतो. पण तो असाही म्हणता येतो हे शंकररावांनी त्या दिवशी ऐकलं. "चालेल काय," ते म्हणाले, "पळंल. ही सोयरीक म्या जुळवली म्हणून समज."

ठरवाठरवीची बैठक शिरूरला, सम्राटच्या घरी ठेवली. सम्राटला दुसरी पाळी होती, तो नव्हता. त्याची आई पार्वतीबाई होत्या, भावकीतली माणसं होती, आणि मधोमध लोडाला टेकून ज्ञानूमामा होते. ज्ञानूमामा म्हणजे पार्वतीबाईंचे थोरले भाऊ. एका खासगी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर. डॉक्टर बदलत गेले, मामा राहिले. त्यामुळं घरात कुणालाही काही झालं तर शेवटचा शब्द मामांचा.

शंकररावांची खरी चूक म्हणाल तर त्यांनी बापूसाहेबांना बरोबर नेलं. गाडी बापूसाहेबांची, हे निमित्त. 'बघा आमच्यात बैठक कशी होती' हे दाखवायचं होतं, हे कारण.

बैठक छान चालली होती. तारीख जवळजवळ ठरली. विहारात लग्न, जेवण साधं, मानपान नाही. सगळे खूश. तेव्हा बापूसाहेबांनी, निव्वळ सवयीनं, खोडी काढली. "बरं हाय तुमचं. गुण न्हाई, पत्रिका न्हाई. आमच्यात छत्तीसचा हिशेब लागल्याबिगर पान हलत न्हाई."

माणसं हसली. तिथं विषय संपला असता. शंकरराव उभे राहिले.

"आमच्यात बी बघतात," ते म्हणाले. "पर विज्ञानानं. बापूसाहेब, तुमाला गुणसूत्रं ठावं हायती का?"

मग त्यांनी घोडा सांगितला. गाढव सांगितलं. खेचर सांगितलं. वरून सारखं दिसणारं आतून कसं वेगळं निघतं आणि आकडा चुकला की वंश कसा चालत नाही, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की पार्वतीबाईंनी ओठावर बोट ठेवलं. सगळी बैठक त्यांच्या मुठीत होती. ज्ञानूमामासुद्धा मान हलवत होते, कारण खेचराची गोष्ट खरी होती.

"आन् आपल्या पोरीची," शंकरराव बापूसाहेबांकडं बघत म्हणाले, "पुरी छत्तीस हायती. एक कमी न्हाई."

ज्ञानूमामांची मान हलायची थांबली. "किती?"

"छत्तीस."

"शंकरराव, माणसाला शेहेचाळीस असत्यात."

आता इथं शंकररावांनी 'असं का, मग माझी ऐकण्यात चूक झाली' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. हसण्यावारी गेलं असतं. पण शेजारी बापूसाहेब बसले होते. शिवाय शंकररावांच्या मते छत्तीस हे पैकीच्या पैकी होते. शेहेचाळीस हे त्यांना ज्ञानूमामांनी फुगवून सांगितलेले वाटले.

"मामा, तुमचं शिक्षण जुनं झालं," ते म्हणाले. "पोरीनं सोता तिच्या तोंडानं सांगितलंय. ती प्रोफेसर हाय. तिच्या मॅडमची तर चौतीसच हायती."

भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. एरवी शंकररावांनी त्याचं बेअरिंग गेलंय हे लगेच ओळखलं असतं. ज्ञानूमामा सावकाश म्हणाले, "दवाखान्यात म्या बघितलंय. एक जास्त झालं तर लेकरू कसं होतं ते. एक. आन् हितं धा कमी हायती म्हणताय."

"वरनं तर चांगली दिसती," पार्वतीबाई पुटपुटल्या.

"वरनं दिसत न्हाईच," ज्ञानूमामा म्हणाले. "आत्ताच न्हाई का सांगितलं त्यांनी?"

परतताना गाडीत बापूसाहेब एक शब्द खोडीचा बोलले नाहीत. रांजणगाव मागं पडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "शंकरराव, ते अ‍ॅप बी येडंच हाय हो. सगळ्यांना सत्तावीसच दावतं." त्यावरूनच शंकररावांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

बातमी जीपनं, एसटीनं आणि फोननं निघाली. तळेगावच्या बाजारात पोचेपर्यंत ती 'पोरीला धा गुणसूत्रं कमी, मशीनमध्ये निघालं' अशी झाली होती. ज्या बायका तीळ दाखवायला यायच्या त्या आता नुसत्या बघायला यायला लागल्या.

चार दिवसांनी राजश्री यवतला गाळ्यावर आली. शंकरराव मोटारीत डोकं घालून बसले होते. त्यांनी ते तसंच ठेवलं.

"आप्पा, तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"तू सांगितलं तेच. छत्तीस."

"ती माझ्या प्राण्याची, आप्पा. जपानातल्या."

शंकररावांनी डोकं बाहेर काढलं. तिच्या तोंडाकडं बघितलं. राजश्रीचे ओठ थरथरले आणि ती हसायला लागली. बाकावर बसून, चष्मा काढून, पोट धरून हसली. शंकररावही हसायला लागले, कारण पोरगी हसतेय म्हणजे सगळं ठीक आहे असं त्यांना वाटलं. पलीकडून बापूसाहेबही हसत आले. मग ती थांबली, आणि हे दोघं उगाचच आणखी थोडा वेळ हसत राहिले.

"छत्तीस गुणसूत्रांचं माणूस जन्मालाच येत नाही," ती म्हणाली. "मी इथं उभी आहे हेच सर्टिफिकेट."

"मग झालं तर. सांग त्यास्नी."

"सम्राटला माहितीये. त्याला पहिल्यापासून माहितीये. काल फोन आला होता. म्हणाला, आई आणि मामा ऐकत नाहीत, तू एकदा रक्ताचा रिपोर्ट काढून टाक, पुण्यात निघतो, काय फरक पडतो."

"बरोबर बोलला. काढून टाक ना, बाळा. शेहेचाळीस निघत्याल, तोंडावर फेकू त्यांच्या."

"निघतील, आप्पा. तेच निघतील." तिनं चष्मा परत लावला. "रोज मी जोड्या लावते. मोलला कुणी विचारत नाही, तुला मोजू का म्हणून. पण मी मोल नाही. आज गुणसूत्रं मोजून दाखवली, की उद्या दुसरं काहीतरी मोजायला सांगतील. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, दोघांचा रिपोर्ट काढू. तुझाही, माझाही. शेजारीशेजारी ठेवू."

"मग?"

"मग त्याच्या मामांना राग आला. मुलाची कशाला मोजायची, म्हणाले."

"आन् सम्राट?"

"तो म्हणाला, बघतो."

शंकररावांना आठवलं, हा मुलगा केसाएवढा फरक गेजवर पकडतो. त्यांनी तसं म्हटलं नाही. तार गुंडाळायचा साचा हातात उलटसुलट फिरवत राहिले. "बाळा, माझं चुकलं," हे वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. पण शंकररावांनी ते आयुष्यात फारसं वापरलेलं नसल्यामुळं ते लवकर सुटेना, आणि सुटलं तोवर तिची जीप आली होती.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीनं शिरूरला गेले. आधी पुण्याकडं, मग वाघोलीवरून. ज्ञानूमामा ओट्यावर बसले होते. शंकररावांनी हात जोडून सगळं सांगितलं. मोल, जपान, मॅडम, आपले कान, आपला फुकटचा तोरा, काही शिल्लक ठेवलं नाही.

ज्ञानूमामांनी शांतपणे ऐकलं. पाणी दिलं. मग म्हणाले, "शंकरराव, तुमी भला माणूस. सोयरीक मोडू नये म्हणून धडपडताय, कळतंय मला. पर त्या दिवशी छातीवर हात मारून छत्तीस म्हणलात, आन् आज म्हणताय ती छत्तीस उंदराची. ह्यातलं खरं कुठलं धरू?"

"आजचं धरा, मामा."

"मध्यस्थी करणारं माणूस बैठकीत खरं बोलतं का मोडल्यावर, तुमीच सांगा."

शंकररावांनी उभ्या आयुष्यात मुलाची उंची इंचानं वाढवली होती, मुलीचं वय वर्षानं कमी केलं होतं, काळ्याला सावळा आणि तापटाला स्पष्टवक्ता म्हटलं होतं. तेव्हा प्रत्येक वेळी लोकांनी विश्वास ठेवला. आज ते पहिल्यांदा जसंच्या तसं सांगत होते. ते ओट्यावरून उतरले. सम्राट आत होता. त्याच्या चपला दारात होत्या. तो बाहेर आला नाही.

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी ताट वाढलं. शंकरराव भाकरीचा तुकडा मोडून नुसतेच बसले.

"आपली कुणी मोजली व्हती का गं?"

"काय?"

"गुणसूत्रं."

"तुमची आई आमच्यात आली, एवढंच इचारलं तिनं, पोरगी हसती का म्हणून. माझा बा म्हणला, हसती. उठली आन् गेली." चांगुणाबाईंनी आमटी वाढली. "जेवा आता."

"तुला राग न्हाई आला माझा?"

"आलाय की. पर राग करायला तुमी जेवल्यालं असाय पायजे."

पुढं शंकररावांनी राजश्रीसाठी आणखी स्थळं काढली. एक दौंडचं, रेल्वेतलं, एक सणसवाडीचं. तिनं फोनवर नीट ऐकून घेतलं, प्रत्येक वेळी 'आप्पा, नको' म्हणाली, आणि प्रत्येक वेळी चांगुणाकाकी कशा आहेत हेही विचारलं. ती चिडली असती तर शंकररावांना सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढायचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव होता. न चिडलेल्यापुढं त्यांना काही सुचत नसे. ते 'बरं बरं' म्हणून फोन ठेवत. बापूसाहेब चहा पाठवून देत. स्वतः येत नसत.

दोन तालुक्यांतली माणसं अजून त्यांच्याकडं मुलामुलींचे फोटो आणत. शंकरराव फोटो बघत, चांगलं आहे म्हणत आणि परत करत. कुणी फार आग्रह केला तर म्हणत, "पोरं एकमेकांशी बोलली का? बोलू द्या त्यास्नी आधी. माझं काय काम हाय त्यात?" लोकांना वाटलं, म्हातारपणामुळं उत्साह गेला. लग्नात माइकवर त्यांचं नाव पुकारणं मग आपोआपच बंद झालं. एकदोनदा पुकारलं तेव्हा ते मागं पाण्याच्या टाकीपाशी उभे होते आणि तिथंच उभे राहिले.

सम्राटचं लग्न पुढच्या मे महिन्यात झालं. मुलगी न्हावऱ्याची, बी.कॉम. सोयरीक ज्ञानूमामांनी जुळवली. राजश्रीचा प्रबंध पुरा झाला आणि ती नोकरीसाठी गुवाहाटीला गेली. शंकररावांच्या मोबाइलमध्ये तिचा जो नंबर आहे, तो आता दुसऱ्याच कुणालातरी लागतो.